ल्यूटन टाउन २०२३-२४: घात शेवटच्या दहा मिनिटांत झाला की मध्यंतरानंतरच्या वीस मिनिटांत?

गोलजाळी

ल्यूटन या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या प्रीमियर लीगमधल्या (इंग्लंडच्या सर्वोच्च विभागातल्या) आजवरच्या एकमेव मोसमाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "बिचारे शेवटच्या मिनिटांत गोल खाऊन खाली गेले," म्हणजे तळाच्या तिघांत राहून खालच्या विभागात ढकलले गेले. आकडे मांडून बघूया म्हणून हा धागा.

आधी तक्ता (विजयाला ३ गुण, बरोबरीला १). ३८ सामने, ६ विजय, ८ बरोबऱ्या, २४ पराभव. ५२ गोल केले, ८५ खाल्ले, २६ गुण, १८वा क्रमांक. १७व्या क्रमांकावर तगलेल्या नॉटिंगहॅम फॉरेस्टचे ३२. म्हणजे तफावत ६ गुणांची.

आता उशिरा गेलेले गुण:

बर्नली, घरी, ३ ऑक्टोबर: ८५व्या मिनिटाला गोल खाल्ला, १-२. एक गुण गेला.
लिव्हरपूल, घरी, ५ नोव्हेंबर: भरपाई वेळेत लुइस डियाझचा हेडर, १-१. दोन गुण गेले.
आर्सेनल, घरी, ५ डिसेंबर: ९७व्या मिनिटाला डेक्लन राइस, ३-४. एक गुण.
ॲस्टन व्हिला, घरी, २ मार्च: ८९व्या मिनिटाला दिन्ये, २-३. एक गुण.
बोर्नमथ, बाहेर, १३ मार्च: ८३व्या मिनिटाला सेमेन्यो, ३-४. एक गुण.
टॉटनहॅम, बाहेर, ३० मार्च: ८६व्या मिनिटाला सॉन, १-२. एक गुण.

बेरीज ७. हे ७ वाचले असते तर ३३ गुण झाले असते आणि फॉरेस्ट खाली गेलं असतं. माझ्या मते ल्यूटनच्या मोसमाचं उत्तर इथेच आहे.

तक्तेवाला

गोलजाळी, यादी बरोबर आहे, पण वहीचं एकच पान उघडलंय. जमेची बाजूही लिहा. ८०व्या मिनिटानंतर ल्यूटनने स्वतः मिळवलेले गुण:

बर्नली, घरी: ८४व्याला अडेबायोने बरोबरी केली. एक गुण आला आणि पुढच्याच मिनिटाला गेला. तुम्ही फक्त गेलेला मोजलाय.
फॉरेस्ट, बाहेर: ०-२ वरून ८३व्याला ओग्बेने, भरपाई वेळेत अडेबायो, २-२. एक.
क्रिस्टल पॅलेस, घरी: ८३व्याला जेकब ब्राउन, २-१. दोन.
शेफील्ड युनायटेड, बाहेर, २६ डिसेंबर: ८१व्याला त्यांचाच स्वयंगोल, ३-२. दोन.
बर्नली, बाहेर: ९२व्याला मॉरिस, १-१. एक.
पॅलेस, बाहेर: ९६व्याला वुड्रो, १-१. एक.
फॉरेस्ट, घरी: ८९व्याला ल्यूक बेरी, १-१. एक.
बोर्नमथ, घरी: ९०व्याला मॉरिस, २-१. दोन.

बेरीज ११. लिव्हरपूलविरुद्ध चाँगचा गोल बरोबर ८०व्या मिनिटाचा आहे, तो काठावरचा म्हणून सोडला. म्हणजे सगळे सामने ८०व्या मिनिटाला थांबवले असते तर ल्यूटनचे २६ ऐवजी २२च गुण झाले असते. शेवटच्या दहा मिनिटांनी ल्यूटनला बुडवलं नाही, उलट तेवढं तरी तरंगत ठेवलं.

गोलजाळी

हे मान्य. ९७व्या मिनिटाचा राइस डोळ्यांसमोरून हटत नाही, पण बेरीचा ८९व्याचा गोल कुणाच्या लक्षातही राहत नाही. मग गळती नेमकी कुठे?

तक्तेवाला

मध्यंतरानंतर लगेच. मध्यंतराला ल्यूटन आघाडीवर होतं आणि सामना हरलं, असं पाच वेळा झालं. मध्यंतरानंतर गोल कितव्या मिनिटाला खाल्ले ते बघा:

मँचेस्टर सिटी (घरी): ६२, ६५.
लिव्हरपूल (बाहेर): ५६, ५८, मग ७१ आणि ९०.
बोर्नमथ (बाहेर): ५०, ६२, ६४, मग ८३.
टॉटनहॅम (बाहेर): ५१, मग ८६.
वेस्ट हॅम (बाहेर): ५४, ६५, मग ७६.

पाचही ठिकाणी ५० ते ६५ या पट्ट्यात घाव बसलाय. १५ गुणांपैकी शून्य हाती आले. नुसत्या पाच बरोबऱ्या साधल्या असत्या तरी ३१ झाले असते, म्हणजे फॉरेस्टपेक्षा अजूनही एक कमी. दोन जिंकून एक बरोबरीत सोडवला असता तर ३३.

न्यूकासलचा ४-४ यात बसत नाही, कारण तिथे मध्यंतराला २-२ होतं. पण जात तीच. ५९व्याला मॉरिसची पेनल्टी, ६२व्याला अडेबायो, ४-२. मग ६७व्याला ट्रिपियर, ७३व्याला बार्न्स. दोन गोलांची आघाडी अकरा मिनिटांत संपली.

डावी बगल

त्यामागे ल्यूटनचे तेव्हाचे प्रशिक्षक रॉब एडवर्ड्स यांची पद्धत आहे. रचना बहुतेक ३-४-२-१ किंवा ३-५-२ (बचावापासून आघाडीपर्यंत प्रत्येक ओळीतले खेळाडू), आणि बचाव जवळपास पूर्ण मैदानभर माणसाला माणूस. समोरच्या फुलबॅकवर (कडेच्या बचावपटूवर) आपला विंगबॅक, म्हणजे कडेने वर-खाली पळणारा खेळाडू, झेपावतो. विंगबॅकने सोडलेल्या जागेत बाजूचा सेंटर बॅक (मधल्या तिघा बचावपटूंपैकी एक) सरकतो. समोरचा इनसाइड फॉरवर्ड (आतल्या बाजूने खेळणारा आघाडीवीर) मध्यफळीत उतरला तर तोच सेंटर बॅक त्याच्या मागे तिथपर्यंत जातो. पहिल्या अर्धात पाय ताजे असतात, समोरच्याला पास द्यायला मोकळा माणूस सापडत नाही. म्हणून सिटी, आर्सेनल, लिव्हरपूलसारखे संघही ल्यूटनसमोर अडखळले.

मध्यंतरात समोरचा प्रशिक्षक दोन गोष्टी बदलतो. एक म्हणजे खेळाडूंची आपसात जागांची अदलाबदल: विंगर आत, मिडफिल्डर बाहेर. माणसामागे जाणाऱ्या बचावपटूला दर वेळी ठरवावं लागतं, मागे जाऊ की सोडून देऊ. दुसरी म्हणजे थेट मागच्या मोकळ्या जागेत चेंडू आणि तिथे तिसऱ्याच खेळाडूची धाव. माणसाला माणूस पद्धतीत तिसऱ्याला पकडणारा कुणी उरत नाही, कारण प्रत्येकाच्या गळ्यात आपापला माणूस असतो. त्यात ५५व्या मिनिटापर्यंत झेप अर्धा सेकंद उशिरा पडू लागते. विंगबॅक पोचायच्या आत क्रॉस सुटलेला असतो.

हे टाळायचं तर आघाडी घेतल्यावर दहा-पंधरा मिनिटं मागे उतरून ५-४-१ मध्ये जागा धरून बसायचं आणि श्वास घ्यायचा. ल्यूटनने ते फार कमी वेळा केलं, आणि केलं तेव्हा नीट जमलं नाही. अख्ख्या मोसमात गोल न खाता संपवलेले सामने दोनच: २३ डिसेंबरला न्यूकासलवर १-०, ३० जानेवारीला ब्राइटनवर ४-०. दोन्ही घरी. बाहेरच्या १९ पैकी एकाही सामन्यात जाळं कोरडं राहिलं नाही. रोज दोन गोल करावे लागतील अशा बचावावर वरच्या विभागात टिकता येत नाही.

मैदानमाप

सहमत, पण पद्धतीला दोष देताना तिनेच काय मिळवून दिलं तेही लिहायला हवं. ५२ गोल ही खालच्या संघासाठी मोठी संख्या आहे. शेवटच्या क्रमांकाच्या शेफील्ड युनायटेडने ३५ केले आणि १०४ खाल्ले. मॉरिसचे ११ आणि अडेबायोचे १० गोल. एवढ्या कमी खर्चाच्या संघात दोघे दोन आकडी, ही साधी गोष्ट नाही.

डावी बगल

अगदी. आणि त्यातला मोठा वाटा आल्फी डाउटीच्या डाव्या पायाचा. आर्सेनलविरुद्धचा ३-४ सामना कॉर्नर शिकण्यासाठी परत बघण्यासारखा आहे. चेंडू डेव्हिड रायाच्या सहा यार्डांच्या चौकटीत आतल्या बाजूला वळत येतो. रायाभोवती आधीच गर्दी असते. एकाचं काम चेंडू खेळायचं नाही, फक्त गोलकीपरला झेप घ्यायला पाऊल टाकता येणार नाही अशा जागी उभं राहायचं. उडी मारणारा मागून येतो. ओशोचा २५व्या मिनिटाचा आणि अडेबायोचा ४९व्याचा, दोन्ही गोल कॉर्नरवर हेडरने.

याच डावपेचाची कड बर्नलीत दिसली. ९२व्या मिनिटाला अडेबायो गोलकीपर ट्रॅफर्डला आडवा आला आणि मॉरिसने हेडर मारला. व्हीएआरने (व्हिडिओ पाहणाऱ्या सहायक रेफ्रीने) बघून गोल कायम ठेवला. दुसरा रेफ्री असता तर फाउल दिला असता, असं माझं मत.

आणि चाँगचा लिव्हरपूलविरुद्धचा गोल. कॉर्नर लिव्हरपूलचा. चेंडू बाहेर पडला तो बार्कलीकडे, त्याने उजवीकडे काबोरेला मोकळं केलं, काबोरेने मैदानाची लांबी कापून समोर चेंडू दिला आणि चाँगने तो आत घातला. आपल्या चौकटीपासून त्यांच्या जाळ्यापर्यंत, मोजके स्पर्श. जागा मिळाली की ल्यूटन धोकादायक, हे त्या एका हल्ल्यात दिसतं.

मैदानमाप

"जागा मिळाली की" हे महत्त्वाचं. जागा नसली की काय व्हायचं? घरच्या मैदानावर दोनदा समोरचा संघ पूर्ण दुसरा अर्ध दहा जणांनिशी खेळला. २३ सप्टेंबरला वुल्व्ह्जचा बेलगार्ड ३९व्या मिनिटाला बाहेर, निकाल १-१. ७ ऑक्टोबरला टॉटनहॅमचा बिसुमा मध्यंतराच्या तोंडावर बाहेर, निकाल ०-१. दोन सामन्यांत एक गुण.

टॉटनहॅमचा गोलही ५२व्या मिनिटाचाच. कॉर्नर जवळच्या जवळ खेळला, मॅडिसन गोलरेषेला चिकटून आत शिरला आणि मागे व्हॅन द व्हेनला चेंडू दिला. दहा जणांच्या संघाने. पुढची चाळीस मिनिटं ल्यूटन क्रॉसवर क्रॉस टाकत राहिलं, पण सगळा बचाव चौकटीत उभा असताना नुसत्या उंच क्रॉसने काय होणार. अरुंद जागेत आपसात पास देऊन वाट काढणारा बार्कलीशिवाय दुसरा नव्हता, आणि बार्कली तर खाली उतरून खेळ उभारत होता. एकाच माणसाने चेंडू बचावातून बाहेर काढायचा आणि शेवटचा पासही द्यायचा, हे होत नाही.

निळी शाई

तक्तेवाला यांच्या मांडणीत एक भर. मोसम दोन तुकड्यांत वाचा. ३ फेब्रुवारीच्या न्यूकासल सामन्यापर्यंत २२ सामने: २० गुण, ३२ गोल केले, ४२ खाल्ले. त्यानंतरचे १६ सामने: ६ गुण, २० केले, ४३ खाल्ले. सामन्यामागे खाल्लेले गोल १.९ वरून २.७ वर गेले.

म्हणजे ३ फेब्रुवारीपर्यंत ही जगण्याच्या लायकीची गती होती. २२ सामन्यांत २० गुण, याच हिशेबाने ३८ ला साधारण ३४-३५, म्हणजे लीगमध्ये टिकणं निश्चित. मग पाया कशाने खचला?

दुखापती. टॉम लॉकयर, कर्णधार आणि तिघांच्या बचावातला मधला माणूस, १६ डिसेंबरला बोर्नमथमध्ये मैदानावर कोसळला, त्याचं हृदय थांबलं होतं. त्याआधी मे २०२३ मध्ये वेम्बलीच्या प्लेऑफ (बढतीच्या) अंतिम सामन्यातही तो कोसळला होता. जीव वाचला, शरीरात डिफिब्रिलेटर बसवला, त्या मोसमात तो परत खेळला नाही. मधला सेंटर बॅक हाच बाजूच्या दोघांना "जा" किंवा "थांब" सांगतो. डावी बगल यांनी लिहिलेल्या पद्धतीत तो आवाज गेला की सगळेच अंदाजाने पळतात. मॅड्स अँडरसन पोटरीमुळे बराच काळ बाहेर. मध्यफळीत चेंडू हिसकावणारा नाकांबा गुडघ्यामुळे बाहेर. ब्राउनचाही गुडघा. आणि फेब्रुवारीच्या मध्यात अडेबायोचा मांडीमागचा स्नायू. अडेबायो नसला की गोलकीपरने मारलेला लांब चेंडू वर धरून ठेवणारा कुणी नाही. चेंडू लगेच परत येतो, बचाव पुन्हा पळतो. आघाडीवीर गमावल्यावर गोल खाण्याची संख्या वाढते, ती अशी.

जानेवारीत पहिल्या संघासाठी आलेला एकच, हाशिओका. तेव्हा मधला एक सेंटर बॅक उसना तरी आणायला हवा होता. लॉकयर परतणार नाही हे तोवर उघड होतं.

तक्तेवाला

हे दोन तुकडे मी पाडले नव्हते, धन्यवाद. त्यात एक तारीख घाला: १० फेब्रुवारी. ब्राइटनवर ४-० (अडेबायोचा पहिला गोल १८व्या सेकंदाला, पुढे हॅटट्रिक), न्यूकासलमध्ये ४-४, आणि मग घरी तळाचा शेफील्ड युनायटेड. १-३ हार. शेफील्डने अख्ख्या मोसमात १६ गुण मिळवले, त्यातले तीन ल्यूटनच्या मैदानावरून, केनिलवर्थ रोडवरून, नेले.

ल्यूटनसोबत खाली गेलेल्या बर्नली आणि शेफील्डविरुद्ध ल्यूटनने १२ पैकी ४ गुण घेतले. बर्नलीशी घरी हार, बाहेर बरोबरी. शेफील्डला बाहेर हरवलं, घरी हरले. हे दोन घरचे सामने जिंकले असते तर सहा गुण, आणि बर्नलीत बरोबरीऐवजी विजय मिळता तर आणखी दोन. सिटी-आर्सेनलशी एका गोलाने हरल्याचं दुःख करण्यापेक्षा हे चार सामने बघावेत.

गोलजाळी

फॉरेस्टचे दोन सामनेही. दोन्ही बरोबरीत. ते जिंकले असते तर?

तक्तेवाला

दोन्ही जिंकले असते तर ल्यूटन ३०, फॉरेस्ट ३०. पण गोलफरक ल्यूटनचा -३३ वरून -३१, फॉरेस्टचा -१८ वरून -२०. तरीही ल्यूटनच खाली. ८५ गोल खाण्याची किंमत इथेही आहे: गुण सारखे झाले तरी उपयोग नव्हता, प्रत्येक वेळी एक गुण जास्तच लागणार होता.

कायदेपंडित

गुणकपातीचा मुद्दा अजून कुणी घेतला नाही. फॉरेस्टचे ३२ हे ४ गुण कापल्यानंतरचे आहेत, मैदानावर त्यांनी ३६ मिळवले. आर्थिक नियम मोडल्याबद्दल १८ मार्च २०२४ ला निकाल लागला, आणि त्याच दिवशी ल्यूटन २२ गुणांवर न खेळता तळाच्या तिघांतून बाहेर आलं, कारण फॉरेस्ट २१ वर घसरलं. एव्हर्टनची १० गुणांची कपात नोव्हेंबरमध्ये झाली, ती फेब्रुवारीत अपिलात ६ वर आली, एप्रिलमध्ये आणखी २ कापले. तरी ते ४० वर संपले.

ल्यूटनच्या बाजूने बघा. फेब्रुवारी ते एप्रिल किती गुण पुरेसे आहेत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. समोरचा तक्ता अपिलांवर हलत होता. प्रशिक्षकाने बरोबरी राखायची की जिंकायला जायचं, हे ठरवायला तक्ता स्थिर लागतो.

मैदानमाप

वेळापत्रकाचंही तसंच. केनिलवर्थ रोड १९०५ पासूनचं मैदान, प्रीमियर लीगच्या इतिहासातल्या सगळ्यात छोट्या मैदानांपैकी एक, जेमतेम ११-१२ हजार क्षमतेचं. बढती मिळाली २७ मे २०२३ ला, कॉव्हेंट्रीविरुद्ध १-१ नंतर पेनल्टींवर ६-५. त्यानंतर हाती उरले जेमतेम अकरा आठवडे. तेवढ्यात बॉबर्स स्टँड नव्याने बांधायचा, प्रकाशझोत बदलायचे, कॅमेरे आणि समालोचकांसाठी जागा काढायच्या. खर्च सुमारे १ कोटी पौंड. काम वेळेत संपलं नाही, म्हणून १९ ऑगस्टचा बर्नली सामना पुढे गेला आणि ३ ऑक्टोबरच्या मंगळवारी बसला. आधीच्या शनिवारी एव्हर्टन, पुढच्या शनिवारी टॉटनहॅम. आठ दिवसांत तीन सामने, एडवर्ड्सच्या धावपळीच्या पद्धतीत. एव्हर्टनला २-१ ने हरवून मोसमातला पहिला विजय मिळवला आणि पुढचे दोन्ही सामने एका गोलाने गेले.

मैदान न पाहिलेल्यांसाठी: ओक रोडच्या बाजूचं पाहुण्या प्रेक्षकांचं दार घरांच्या रांगेत आहे. दोन्ही बाजूंना राहती घरं, मध्ये फिरती फाटकं, आणि आत गेलं की लोखंडी जिना लोकांच्या परसदारांवरून वर चढतो. खाली दोरीवर वाळत घातलेले कपडे दिसतात. नवं मैदान पॉवर कोर्टच्या जागेवर होणार, २५ हजारांचं.

निळी शाई

पैशाचा भाग थोडक्यात. खाली गेलेल्या क्लबला लीगकडून पॅराशूट रक्कम मिळते: पहिल्या वर्षी प्रसारण उत्पन्नाच्या समान वाटपातल्या हिश्शाच्या ५५ टक्के, दुसऱ्या वर्षी ४५, तिसऱ्या वर्षी २०. पण एकाच मोसमात परत खाली आलेल्याला तिसरं वर्ष मिळत नाही. म्हणून वर आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात किती उधळायचं हा खरा प्रश्न असतो. ल्यूटनने हात आखडता ठेवला: बार्कली आणि ओग्बेने विनाशुल्क, काबोरे आणि लोकोंगा उसने, बाकी कामिन्स्की, चाँग, गाइल्स, ब्राउन, मेंगी. २००८-०९ मध्ये ३० गुण कापले जाऊन इंग्लंडच्या वरच्या चारही विभागांच्या लीगबाहेर पडलेला, २०१४ ला परतलेला क्लब आहे हा. पेली रडक म्पान्झू त्या लीगबाहेरच्या संघातही होता आणि प्रीमियर लीगमध्येही, त्याच क्लबसाठी. त्यांची काटकसर मला पटते. तरीही पुढच्याच मोसमात ते चॅम्पियनशिपमधूनही (दुसऱ्या विभागातूनही) खाली गेले, हे लिहावंच लागेल.

डावी बगल

काटकसर उन्हाळ्यातली पटते, जानेवारीतली नाही. २० गुणांवर असताना एक अनुभवी सेंटर बॅक सहा महिन्यांसाठी उसना घेणं ही उधळपट्टी नव्हती.

गोलजाळी

धाग्याच्या शीर्षकातल्या प्रश्नाचं माझं उत्तर बदललं आहे. बोर्नमथचा १३ मार्चचा सामना पुन्हा बघणार आहे. मूळ सामना १६ डिसेंबरला ५९व्या मिनिटाला १-१ वर थांबवला होता, तो पुसून नव्याने खेळवला. चाँग, ओग्बेने, बार्कली, मध्यंतराला ३-०. डावी बगल, ५० ते ६४ या मिनिटांत विंगबॅक कुठे उभे होते ते मी मिनिटवार टिपून इथेच टाकतो. तुम्ही तिन्ही सेंटर बॅकच्या जागा टिपाल का?

डावी बगल

टिपतो. पहिला गोल सोलंकीचा, ५०व्या मिनिटाचा. ४८व्या मिनिटापासून सुरू करू, म्हणजे जागा कधी सुटली तेही कळेल.